पांढऱ्या सापाचा शजरा

आमच्या वऱ्हाडात नस्ल हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे. बकरीईदच्या आधी बाजारात पाय ठेवला की कानावर तोच शब्द पडतो. हा सिरोही, हा उस्मानाबादी, हा आपला बेरारी. कबुतरं पाळणारा तर आपल्या जोडीचं खानदान असं सांगतो की ऐकणाऱ्याला स्वतःच्या पणजोबाचं नाव आठवेनासं व्हावं. आणि घरात रिश्त्याची बात निघाली की पहिला सवाल असतो, "लडकी किसकी है?" मुलगी कशी आहे हे त्यानंतर. खून साफ आहे का, हड्डी चांगली आहे का, हे आमचे बुजुर्ग ज्या विश्वासाने सांगतात तो विश्वास पाहून कधी हसू येतं, कधी भीती वाटते.

आम्ही दोघे भाऊ. थोरला अमरावतीत कापडाच्या धंद्यात, धाकटा अकोल्यात उर्दू शाळेत विज्ञान शिकवतो. दोघांनाही सापाचं वेड. पावसाळा लागला की कुणाच्या न्हाणीत, कुणाच्या कडब्याच्या गंजीत साप निघतो आणि आमच्यापैकी एकाचा फोन वाजतो. साप धरायचा, वनखात्याला कळवायचं, वस्तीपासून दूर सोडून द्यायचा. नाग, घोणस, मण्यार, कवड्या, तस्कर, धामण सगळे हाताखालून गेले. घोणशीला इकडे परड म्हणतात. "परड निघाली" असा फोन आला की आम्हीसुद्धा दोन मिनिटं उशिरा निघत नाही. हे सगळं सांगण्याचं कारण एवढंच की नस्ल या शब्दाचा खरा अर्थ आम्हाला सापांमुळे कळला. बकऱ्याच्या बाजारात कळला नाही, बिरादरीच्या बैठकीतही कळला नाही.

काही वर्षांपूर्वी पहिल्या पावसानंतर अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या बाजूला, एका पडक्या भिंतीच्या पायातून नागाची पिल्लं निघू लागली. नुकती अंड्यातून बाहेर आलेली, वीतभर लांब, पण फणा काढून उभी राहणारी. दिवसभरात चौदा धरली. त्यातली अकरा नेहमीच्या गव्हाळ-काळसर रंगाची होती आणि तीन पांढरी. अगदी दुधासारखी नव्हेत. सायीसारखा रंग, त्यावर गुलाबी झाक, डोळे लालसर. गल्लीत हीऽऽ गर्दी. कुणी म्हणालं यांचा बाप दुसऱ्या जातीचा असणार. एका म्हातारबाबांनी सांगितलं, पांढरा साप म्हणजे जिन्न, त्याला हात लावू नका. त्यांचं म्हणणंही अगदी हवेतलं नव्हतं. अबू दाऊद यांच्या हदीस-संग्रहात इब्न मसऊद यांच्या नावे एक रिवायत आहे, तिच्यात साप मारायला सांगताना चांदीच्या छडीसारख्या पांढऱ्या सापाला वगळलं आहे. पलीकडच्या गल्लीतून हळदीकुंकू घेऊन बाया आल्या. आणि एक शेतकरी भाऊ थोरल्याच्या कानाशी लागून म्हणाला, "हे पांढरं एक मले दे ना बाप्पा. कुठं काय भावात जाईन, सांग बरं."

भाव विचारणारा तो एकटा नव्हता. चार दिवसांत कुठून कुठून फोन आले. एकाने तर सरळच विचारलं, तीन आहेत तर नर-मादी बघून जोडी लावा, पैदास करा, तुमच्या घरीच पांढऱ्या नागांची खाण लागेल. दुतोंड्या मांडुळाच्या नावावर ज्या मुलखात लाखांच्या बाता चालतात आणि त्यापायी माणसं तुरुंगात जातात, तिथे पांढरा नाग म्हणजे काय असेल, विचार करा. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्याप्रमाणे नाग घरात ठेवणं हाच गुन्हा, मग पैदास दूरच. आमच्या मदारी बिरादरीचा पिढ्यांचा धंदा याच कायद्याने बसला. पेटी गेली, बीन गेली, त्या जागी दुसरं काही मिळालं नाही, हे दुःख वेगळं लिहिण्यासारखं आहे. आम्ही पंचनामा करून चौदाही पिल्लं रात्री नदीच्या वरच्या अंगाला झुडपांत सोडली. पांढरी तीन जगली असतील का, सांगता येत नाही. शिक्रा आणि मुंगूस यांच्या नजरेत पांढरा रंग लवकर भरतो. पण पूर्ण वाढलेले पांढरे सापही अधूनमधून सापडतात. म्हणजे काही जगतात.

'यांचा बाप दुसरा असणार' हे वाक्य मात्र आमच्या डोक्यातून गेलं नाही. गल्लीने किती सहज निकाल दिला. चौदा पिल्लांची आई साधीच, गव्हाळ रंगाची. मग तीन पांढरी कशी? तर दोष आईच्या चालचलणुकीत. हेच वाक्य आम्ही आमच्या घरात, एका माणसाच्या बाबतीत ऐकलेलं होतं.

*

जगात ज्यांनी पांढऱ्या सापांची खरोखर पैदास केली, त्यांची हकिकत आम्ही मग शोधून शोधून वाचली. तिची सुरुवात अमेरिकेतल्या एका त्वचारोगतज्ज्ञापासून होते. डॉ. बर्नार्ड बेक्टेल त्यांचं नाव. उत्तर कॅरोलिना राज्यात 1953 मध्ये जंगलात एक नर सापडला, कॉर्न स्नेक नावाच्या बिनविषारी सापाचा, अंगात काळा रंग अजिबात नसलेला. त्याचं साध्या मादीशी मीलन झालं. पिल्लं झाली ती सगळी साधी. इथे आमच्याकडचा माणूस म्हणाला असता, झालं, नस्ल बुडाली. पण त्या साध्या दिसणाऱ्या भावंडांचं आपसात मीलन घडवलं तेव्हा पुढच्या पिढीत बापाचा, म्हणजे आजाचा, रंग परत आला. पाळलेल्या सापांत अशी पहिली पिल्लं 1961 मध्ये जन्मली आणि 1962 मध्ये बेक्टेल पती-पत्नींनी त्यावर शास्त्रीय लेख प्रसिद्ध केला. आज जगभर लोक जे केशरी-लाल कॉर्न स्नेक पाळतात, त्यांच्या घराण्याची सुरुवात ही अशी.

केशरी-लाल म्हटलं, कारण सापाच्या अंगात एकच रंग नसतो. काळा-तपकिरी रंग मेलॅनिनचा. पिवळा आणि लाल रंग देणाऱ्या पेशी वेगळ्या. अल्बिनो सापात मेलॅनिन तेवढं बनत नाही, बाकीचे रंग राहतात. म्हणून आमची मोर्णेकाठची पिल्लंसुद्धा चुन्यासारखी नव्हती, सायीसारखी होती.

हिशेब अगदी सोपा आहे. धाकटा दर वर्षी दहावीच्या वर्गात फळ्यावर मांडतो. प्रत्येक गुणाच्या दोन चिठ्ठ्या असतात, एक आईकडून, एक बापाकडून. दोन्ही चिठ्ठ्या खराब असतील तरच पिल्लू पांढरं. एक खराब आणि एक चांगली असेल तर चांगली चिठ्ठी काम चालवून नेते, पिल्लू साधंच दिसतं, पण खराब चिठ्ठी खिशात घेऊन फिरतं. अशा जिवाला वाहक म्हणायचं. दोन वाहक एकत्र आले की दर पिल्लामागे चारात एक पांढरं होण्याचा संभव. चौदात तीन, म्हणजे हिशेबाला धरूनच. बाप दुसरा नव्हता. बापही साधा आणि आईही साधी. दोघांच्या खिशात तीच एक चिठ्ठी.

साप पाळणारे या वाहकाला 'हेट' म्हणतात आणि विकताना त्यावर टक्के लिहितात. एक बाप पांढरा असेल तर सगळी साधी पिल्लं 100 टक्के हेट. दोन वाहकांची पिल्लं असतील तर त्यातल्या साध्या दिसणाऱ्या प्रत्येकावर '66 टक्के हेट' अशी पट्टी. कारण चारांतलं एक पांढरं बाजूला काढलं की उरलेल्या तिघांत दोघे वाहक असतात, फक्त ते दोघे कोणते हे दिसत नाही. ही 66 टक्क्यांची पट्टी वाचली तेव्हा आम्ही दोघे भाऊ एकमेकांकडे पाहत राहिलो. सापाच्या पिलाला जी माहिती चिकटवून विकतात, ती आमच्या घरातल्या मुलाबाळांविषयी कुणी कधी आम्हाला सांगितली नव्हती.

आणखी एक गोष्ट. पांढरा म्हणजे एकच घराणं, असं नाही. बोआ जातीच्या सापात अल्बिनोची दोन घराणी प्रसिद्ध आहेत, एक पीटर काल यांच्या नावाने, एक ब्रायन शार्प यांच्या नावाने. दोन्हींचे साप पांढरट. पण काल घराण्यातला पांढरा आणि शार्प घराण्यातला पांढरा यांचं मीलन केलं, तर पिल्लं सगळी साधी, रंगीत. कारण दोघांतली बिघडलेली चिठ्ठी वेगवेगळ्या कामाची आहे. याच्यात जी खराब ती त्याच्यात चांगली. वरून रंग एक, मूळ दोन. पश्चिम आफ्रिकेतल्या बॉल पायथनमध्येही तेच. बॉब क्लार्क यांनी 1992 मध्ये पहिले अल्बिनो बॉल पायथन पैदा केले. पुढे अमेरिकेतल्या संशोधकांनी पाळणाऱ्यांकडून टपालाने सापांच्या काती मागवल्या आणि त्यातून जनुकं तपासली. 2022 मध्ये निष्कर्ष आला की अल्बिनो म्हणून विकल्या जाणाऱ्या सापांत बिघाड टायरोसिनेजच्या जनुकात आहे, पण तो बिघाडही एकाच प्रकारचा नाही. जांभळट झाक असलेले 'लॅव्हेंडर अल्बिनो' तर ओसीए-2 या दुसऱ्याच जनुकाचे. कॉर्न स्नेकचा बिघाडही ओसीए-2 मध्येच आहे, हे जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी 2015 मध्ये दाखवलं होतं. आणि हीच दोन जनुकं माणसात बिघडली की माणूस अल्बिनो होतो. साप आणि माणूस, दोघांचा रंग घडवणारा कारखाना एकच.

या हकिकतीची दुसरी बाजूही आहे. घराणं टिकवायचं म्हणजे जवळच्यात जवळच्यांचं मीलन लावायचं. बापाशी मुलगी, भावाशी बहीण. त्यात हवा असलेला रंग वर येतो, पण खिशातल्या इतर खराब चिठ्ठ्याही जोडीने वर येतात. म्हणून समजदार पाळणारा दर काही पिढ्यांनी बाहेरचं रक्त आणतो. त्याच्याकडे वही असते. हे पिल्लू कोणत्या नराचं, कोणत्या मादीचं, ती मादी कुठून आली. ज्याची वही खोटी, त्याचं घराणं खोटं. आणि नुसत्या रूपाला भुललं की काय होतं त्याचं उदाहरण 'स्पायडर' बॉल पायथन. सगळे स्पायडर 1999 मध्ये आफ्रिकेतून आलेल्या एकाच सापाची औलाद. अंगावरची नक्षी सुंदर, पण त्या नक्षीबरोबर डोकं डुलण्याचा, तोल जाण्याचा विकार कमी-जास्त सगळ्यांत. विकार माहीत असूनही वर्षानुवर्षं पैदास चालूच राहिली, कारण गिऱ्हाईक होतं.

हे साप आता आपल्याकडेही येऊ लागले आहेत. मुंबईच्या विमानतळावर बँकॉकहून आलेल्या सामानात असे साप सापडल्याच्या बातम्या अलीकडे वारंवार वाचतो. परदेशी प्राण्यांची नोंद करण्याचे नियम केंद्राने फेब्रुवारी 2024 मध्ये लागू केले. शौक करणाऱ्याने कागद बघून करावा, एवढंच त्याबद्दल.

*

आता घरची गोष्ट.

आमच्या चुलत्यांनी त्यांच्या चुलतबहिणीशी निकाह केला. आमच्यात ते नवल नाही. घरची मुलगी घरात, जमीन घरात, जेवर घरात. त्यांना चार मुलं. तिघं साधी आणि एक मुलगी अल्बिनो. पांढरे केस, पांढऱ्या पापण्या, उन्हात मिटणारे डोळे. मोहल्ल्यात तिला सूरजमुखी म्हणत. फूल सूर्याकडे बघतं आणि या पोरीला सूर्याकडे बघता येत नाही, तरी नाव तेच. ती जन्मली तेव्हा चाचीला काय काय ऐकावं लागलं, ते आम्ही लहान असताना भिंतीआडून ऐकलं आहे. ग्रहणात बाहेर गेली होती. पोटुशी असताना पांढरं खाल्लं. आणि सर्वांत घाण ते, "ये अपने घर का खून नहीं." मोर्णेकाठच्या गल्लीने नागिणीबद्दल जे म्हटलं तेच. खरं तर ती मुलगी दुप्पट आमच्या घरचं रक्त होती. दोन्हीकडून तीच चिठ्ठी आली म्हणून तर ती तशी जन्मली. पण दोष द्यायचा तो आईलाच, हे ठरलेलं.

तिला त्रास रंगाचा नव्हता. त्रास डोळ्यांचा होता. अल्बिनो माणसाची नजर जन्मतः कमी असते, बुबुळं हलत राहतात, प्रकाश सोसत नाही. शाळेत तिला फळा दिसत नसे, पहिल्या बाकावरूनही. मास्तरांना वाटे पोरगी मंद आहे. अकोल्याचं ऊन तर तुम्हाला माहीत आहे, मे महिन्यात पारा 45 च्या वर. तिच्या हातावर, गालावर फोड येत. पूर्ण बाह्या, छत्री, गडद चष्मा, त्वचेच्या डॉक्टरने दिलेलं मलम, एवढी साधी सोय व्हायला तिची दहावी उजाडली. तोपर्यंत घरातलं सगळं लक्ष तावीज आणि गोरेपणाच्या चर्चेत. लोक तिला कोडाची रोगी समजून वेगळा पेला देत. कोड वेगळं, हे वेगळं, आणि दोन्ही स्पर्शाने लागत नाहीत, हे सांगून सांगून आमचा घसा बसला. ती मात्र शिकली, डी.एड. झाली, एका उर्दू शाळेत लागली. आज वर्गात तिने मोठ्या अक्षरात लिहिलेला फळा शेवटच्या बाकावरच्या मुलालाही दिसतो.

तिच्या लग्नाची बात निघाली तेव्हा बुजुर्ग एका मताने म्हणाले, बाहेरचा कोण घेणार, घरातच द्या. फुफूचा मुलगा होता. चांगला मुलगा, कमावता, तोही तयार होता. सगळ्यांना हा उपकार वाटत होता. आम्ही दोघे भाऊ त्या बैठकीत वही घेऊन बसलो. मोठ्यांच्या समोर आमच्यात सहसा असं बोलत नाहीत. पण फुफू म्हणाल्या, "सापवाल्यांनो, बोला काय ते," म्हणून बोललो.

आम्ही एवढंच मांडलं. मुलीच्या दोन्ही चिठ्ठ्या खराब, त्यामुळे तिच्या मुलांना तिच्याकडून एक खराब येणारच. सवाल नवऱ्याच्या चिठ्ठीचा. चाचा वाहक आहेत, यात शंका नाही. त्यांना ती चिठ्ठी आई किंवा बापाकडून आली. म्हणजे फुफूकडेही ती असण्याचा संभव निम्मा. फुफूच्या मुलाकडे असण्याचा संभव त्याचा निम्मा, चारात एक. मुलाकडे असलीच तर बाळाला जाण्याचा संभव पुन्हा निम्मा. म्हणजे दर बाळामागे आठात एक. आणि नात्याबाहेरचा मुलगा घेतला तर? सगळे प्रकार धरून जगात साधारण सत्तरात एक माणूस वाहक असतो असा अंदाज आहे. म्हणजे बाळाचा संभव दीडशेत एकाच्या आसपास, आणि बिघाड वेगळ्या जनुकाचा असेल तर तेवढाही नाही. ज्या मुलीला 'हिची औलाद अशीच होईल' म्हणून बाहेर कुणी घेणार नाही असं तुम्ही समजता, तिची औलाद बाहेर दिली तरच बहुधा साधी होईल. धोका तिच्या रंगात नाही, नात्यात आहे. आणि तिची जी साधी, देखणी भावंडं आहेत, ज्यांना नात्यातून रिश्ते येत आहेत, त्यांच्यावर ती 66 टक्क्यांची पट्टी आहे. विचार त्यांच्या बाबतीत करा.

कुणी म्हणालं, दोन्ही अल्बिनो असले तर मग सगळीच पांढरी. तेही नेहमी खरं नाही. पॅट्रिक ट्रेव्हर-रोपर नावाच्या इंग्लिश नेत्रतज्ज्ञांनी 1952 मध्ये अशा जोडप्याची नोंद केली आहे. नवरा अल्बिनो, बायको अल्बिनो, मुलं साधी. काल आणि शार्प घराण्यांचीच गोष्ट, फक्त माणसातली.

एक मामू रागावले. माणसाला सापाच्या रांगेत बसवता का, म्हणाले. तेव्हा ती मुलगी, जी आतापर्यंत पडद्यामागे बसली होती, हसत म्हणाली, "मामू, सापाच्या पिल्लाची कुणी एवढी बदनामी तरी करत नाही." नंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. फुफूच्या मुलाचा रिश्ता तिने स्वतःच नाकारला. तिला उपकाराचं लग्न नको होतं. पुढे तीन वर्षांनी बुलढाण्याकडच्या एका शिक्षकाशी तिचा निकाह झाला. दोन मुलं आहेत, काळ्याभोर केसांची. दोघंही वाहक आहेत, हे तिने त्यांच्या जन्मदाखल्याबरोबर एका कागदावर लिहून ठेवलं आहे. त्यांच्या लग्नाच्या वेळी उपयोगी पडेल, म्हणते.

*

हा सवाल एकट्या मुसलमानांचा नाही. महाराष्ट्रात मामाच्या मुलीवर हक्क सांगणारे हिंदूही आहेतच. आणि नात्यातलं प्रत्येक लग्न बिघडतं असंही नाही. बहुतेक जोडप्यांची मुलं ठणठणीत असतात. पण ज्या घरात चिठ्ठी एकदा दिसली आहे, त्या घराने डोळे मिटून घेऊ नयेत. मजहब आड येतो असं म्हणणाऱ्यांना आम्ही सांगतो, सूरह निसाच्या तेविसाव्या आयतीत ज्या नात्यांशी निकाह हराम आहे त्यांची यादी आहे. चुलत-मामे-आते-मावस भावंडं त्या यादीत नाहीत, म्हणजे परवानगी आहे. परवानगी म्हणजे हुकूम नव्हे. इमाम गज़ाली 1111 मध्ये वारले. त्यांनी 'इह्या उलूमिद्दीन' मध्ये वधू निवडताना ती फार जवळच्या नात्यातली नसावी असं लिहिलं आहे, आणि औलाद अशक्त होते हे कारणही दिलं आहे. नऊशे वर्षांपूर्वीची ही सलाह आमच्या बिरादरीने कपाटात ठेवून दिली.

वाहक म्हणजे काय हे वऱ्हाडाला नव्याने शिकवायचं आहे असंही नाही. सिकलसेल विदर्भाच्या घराघरांत आहे. मेळघाटात, अमरावतीत, सरकारी दवाखान्यात रक्त तपासून रुग्ण कोण, वाहक कोण हे वेगळं सांगतात. दोन वाहकांनी लग्नाआधी विचार करावा हे तिथली आशाताई कोरकू मुलीला तिच्या भाषेत समजावते. 1 जुलै 2023 पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियानच सुरू झालं आहे. थॅलेसेमियाचा हिशेबही हाच. कापूस पेरणारा आमचा शेतकरी तर शिकल्यावाचून हे जाणतो. संकरित वाणाचं सरकीचं बी दुसऱ्या वर्षी पेरलं तर पीक एकसारखं येत नाही, आजा-आजीचे लपलेले गुण वर येतात, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. ज्याला सरकीतलं कळतं त्याला घरातलं का कळू नये?

कळत नाही, कारण खानदान या शब्दाचा नशा मोठा आहे. आमच्याकडे सय्यद वेगळे, पठाण वेगळे, बागवान, मोमीन, कुरेशी वेगळे. जो तो आपलं मूळ अरबस्तान-इराणला नेऊन भिडवतो. आणि वऱ्हाडची पहिली मुसलमान बादशाही, अचलपूरची इमादशाही, कुणी स्थापली? 1490 च्या सुमारास फत्हुल्लाह इमादुलमुल्क यांनी. इतिहास सांगतो की ते मूळचे विजयनगरच्या मुलखातले, कानडी हिंदू घरातले. लहानपणी कैद होऊन आले आणि मुसलमान म्हणून वाढले. गाविलगडाच्या सावलीत ज्यांनी राज्य केलं त्यांच्याही खिशात कुठली कुठली चिठ्ठी होती, कुणाला ठाऊक. साधं दिसणारं अंग आत काय घेऊन चाललं आहे ते नावावरून कळत नाही.

आमच्या घरी एक जुना शजरा आहे. जाड कागदावर, सुबक नस्तालीकमध्ये, नऊ पिढ्यांचा. बापाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, त्याच्या बापाचं. त्यात एकाही आईचं नाव नाही. साप पाळणाऱ्याने अशी वही ठेवली तर बाजारात त्याला कुणी उभं करणार नाही, कारण निम्मी नस्ल मादीकडून येते आणि ती निम्मी त्याने लिहिलीच नाही. गेल्या रमजानमध्ये आम्ही दोघे भाऊ तो शजरा वहीत उतरवून पुरा करायला बसलो. प्रत्येक नावाजवळ बायकोचं नाव, तिचं गाव, तिच्या बापाचं घर, आणि घरात कुणी अल्बिनो, मुकं-बहिरं, रक्ताच्या आजाराचं मूल झालं असेल तर त्याची खूण. अम्मीने सहा नावं सांगितली. फुफूंनी चार. बाळापूरच्या एका म्हाताऱ्या खालाने, ज्यांना कुणी कधी काही विचारलं नव्हतं, एका बैठकीत अकरा नावं सांगितली, आणि दोन पिढ्यांआधीच्या एका 'पांढऱ्या' मुलाची आठवणही सांगितली, जो लहानपणीच गेला आणि ज्याचं नाव शजऱ्यात नाही.

पाचव्या पिढीच्या वर आयांची नावं कुणालाच आठवत नाहीत. तिथे आम्ही रिकामी रेघ ओढून ठेवली आहे. वही आता घरात फिरते आहे. रिश्त्याची बात निघाली की आधी ती मागवली जाते, असं दोनदा झालं.